जावांच्या बेटावर

"सोलोला नोकरी लागली," असं १९९६ साली मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "सोलापूरला? मग इतके दिवस कुठं होतास?" दोनदा समजावल्यावर तिला जावा बेट ऐकू आलं. "जावांचं बेट? मला एकच जाऊ पुरे झाली बाबा." पुढची तीन वर्षं आमच्या गल्लीत मी 'जावांकडे असतो' असंच सांगितलं जायचं.

मी सूतगिरणीतला माणूस. तेव्हा सोलापुरात एकेक भोंगा गप्प होत होता आणि मध्य जावातल्या गिरण्यांना रिंग फ्रेमवर हात बसलेली माणसं हवी होती. आम्हाला पगार हवा होता. इचलकरंजीचा एक, मुंबईच्या संपातून उरलेला एक, दोघे कोइमतूरचे आणि मी, असे पाच जण सोलोच्या वेशीबाहेरच्या एका गिरणीत जाऊन पडलो.

सोलो हे बोलण्यातलं नाव, कागदावर सुराकार्ता. मूळ गाव 'साला'. पण जावानीज माणूस शब्दातला 'अ' ओठ गोल करून 'ओ'कडे नेतो, म्हणून सोलो. कृष्णाचा त्यांच्याकडे 'क्रेस्नो' होतो. पर्यटक जातो तो योग्याकार्ताला. बोरोबुदूर आणि प्रांबानान बघतो, फोटो काढतो आणि बालीला निघतो. योग्यापासून जेमतेम तासाभरावरच्या सोलोला कोणी उतरत नाही. खरं तर दोन्ही शहरं एकाच घरातली. मातारामच्या राजाने १७४५ मध्ये साला गावी राजधानी आणली आणि १७५५ च्या गियांतीच्या तहात राज्याचे दोन तुकडे झाले. आपल्याला हे समजायला अवघड नाही. वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर झालं, तसंच. सोलोकर तिथेही थांबले नाहीत. दोन वर्षांनी घरातल्याच तिसऱ्याने आपली वेगळी गादी मांडली. त्यामुळे एवढ्याशा गावात दोन राजवाडे आहेत, सुसुहुनानचा क्रातोन आणि मांगकुनेगारान.

त्या गावाची पहिली आठवण विचाराल तर आवाजाची आहे. म्हणजे आवाज नसल्याची. सोलापुरात आम्ही बोलतो ते पलीकडच्या पेठेत ऐकू जातं. गिरणीत तर मशिनच्या वर आवाज काढायची सवय. पहिल्या पाळीला मी माझ्या सुपरवायझरला हाक मारली तर अख्खं खातं मान खाली घालून उभं राहिलं. त्यांना वाटलं, साहेब चिडले. सुपरवायझर वयाने माझ्याएवढाच, सगळे त्याला 'मास' म्हणायचे, म्हणजे दादा. तो जवळ आला, किंचित वाकला आणि म्हणाला, "इंग्गिह." म्हणजे होय. मी सांगितलं, चार नंबरच्या फ्रेमचा ट्रॅव्हलर आजच बदल. इंग्गिह. चार दिवसांनी बघतो तर जुनाच ट्रॅव्हलर फिरतोय. पुन्हा सांगितलं. पुन्हा इंग्गिह. शेवटी कँटीनच्या बाईने मला बाजूला घेऊन शिकवलं की इंग्गिह म्हणजे 'ऐकलं'. 'पटलं' असं कोणी म्हणालंच नव्हतं. ट्रॅव्हलर खरोखरच बदलायची गरज नव्हती, हे नंतर कळलं. पण साहेबाला 'तुमचं चुकतंय' म्हणणं सोलोच्या भाषेत बसतच नाही. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असं सर्वनाम बदलतं. त्यांच्याकडे समोरचा कोण आहे त्यावर जेवण, झोप, घर हे शब्दच बदलतात. मित्राशी बोलायची भाषा वेगळी, सासऱ्याशी वेगळी. गर्दीतून वाट काढतानाही 'नुवुन सेवू' म्हणायचं, म्हणजे हजार वेळा माफी. एवढ्या माफीत सोलापुरात एसटीतली खिडकीची जागा सहज मिळाली असती.

संध्याकाळी पाळी सुटली की मास मला सायकलवर मागे बसवून केप्राबोनला न्यायचा, नासी लिवेत खायला. दुकान असं नसायचंच. फुटपाथवर चटई, एक मिणमिणता दिवा आणि टोपल्यांच्या मध्ये बसलेली एक बाई. आपण समोर मांडी घालायची. ती केळीच्या पानाचा तुकडा घ्यायची, पुसायची, एका बाजूने चुणी घालून वर उचलायची आणि नारळाच्या पातीचा हीर खुपसून त्याचा द्रोण करायची. तिथे त्याला पिंचुक म्हणतात. आपण द्रोण काडीने टाचतो, तेच ते, फक्त एका बाजूला उघडं. त्यात नारळाच्या दुधात शिजवलेला भात. त्यावर लाबू सियामची पातळ तिखट भाजी. ही आपल्या दुधीची लांबची चुलत बहीण म्हणा. मग हाताने तोडलेलं कोंबडीचं मांस, अर्धं अंडं आणि शेवटी नारळाच्या दुधाची घट्ट आटवलेली साय, आरेह. ती साय घालताना बाईचा हात एक क्षण थांबायचा. चमचा द्रोणाच्या वर धरून ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की आणखी अर्धा चमचा. चमचाही मागितला तरच. नाहीतर पानाचाच एक तुकडा दुमडून त्याने खायचं. आमच्याकडे नारळीभात वर्षातून एकदा, नारळीपौर्णिमेला आणि तोही गोड. इथे रोज रात्री फुटपाथवर नारळीभात मिळतोय, तोही तिखट भाजीबरोबर, हे मी पत्रात लिहिलं तेव्हा आईने उलट टपाली विचारलं होतं, "नारळ स्वस्त आहेत काय तिकडं?"

आणखी एक गोष्ट मला तिथे सापडली आणि मी घरच्यासारखा झालो. चाबुक रांबाक नावाचा एक प्रकार आहे. केतुपातच्या, म्हणजे घट्ट शिजवलेल्या भाताच्या, पातळ चकत्या, त्यावर तिळाची चटणी, आणि बरोबर तांदळाचा कुरकुरीत पापड. पापडाचं नाव करक. मी मासला सांगितलं, आमच्या गावी ज्वारीची भाकरी वाळवतात, ती कडक भाकरी. करक आणि कडक. तो इतका हसला की सायकल गटारात जायची राहिली. सोलोचा माणूस मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकला.

१९९८ च्या एप्रिलच्या शेवटी जावानीज वर्षाची पहिली रात्र आली, एक सुरो. मासने मला मध्यरात्री क्रातोनच्या बाहेर उभं केलं. वाड्यातल्या पवित्र वस्तूंची मिरवणूक निघते, आणि पुढे चालतात पांढऱ्या म्हशी. त्यांना 'क्याई स्लामेत' असं आदराने म्हणतात. त्यांनी शेण टाकलं तर लोक ते शेतासाठी उचलून नेतात. यातलं काही मला नवल वाटलं नाही. आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याला नंदीध्वज बघत वाढलेले. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हजारो माणसं अनवाणी चालत होती आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. तो मौनाचा नेमच असतो. पायांचा आवाज तेवढा. मिरवणूक आणि ढोल नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

अडीच आठवड्यांनी, १४ मे रोजी, तेच शहर पेटलं.

रुपिया आधीच कोसळला होता. १९९७ च्या मध्याला डॉलरला २,४०० च्या आसपास होता, तो जानेवारीत दहा हजारांच्या पार गेला. गिरणीत कापूस आयातीचा, म्हणजे हिशेब संपलाच. जकार्तात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, आणि १४ व १५ मे हे दोन दिवस सोलोत दुकानं, बँका, सुपरमार्केटं जळत होती. बहुतेक चिनी वंशाच्या लोकांची. ज्या घरात मी भाड्याने राहायचो त्या घरच्या बाईने, इबूने, फळ्या लावल्या, दारावर खडूने 'प्रिबुमी' लिहिलं, म्हणजे इथलेच आहोत, आणि आत येऊन भात लावला. रात्रभर तिने एकदाही आवाज चढवला नाही. तिसऱ्या दिवशी मी स्लामेत रियादी रस्त्याने चालत गेलो. एका कापडाच्या दुकानाचे तागे रस्त्यावर पडले होते, अर्धवट जळलेले. सूतवाल्याची खोड, सुताचा तुकडा पेटवून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सुती जळलं की कागदासारखा वास आणि बोटात विरणारी करडी राख. पॉलिएस्टर जळलं की काळा कडक मणी. मी वाकून एकेका ताग्याची राख चोळत गेलो. सुती. मिश्र. सुती. मग लक्षात आलं की हे मी काय करतोय, आणि हात पुसून परत फिरलो. २१ मे रोजी अध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपद मेगावतींना मिळालं नाही म्हणून लोकांनी सोलोचं नगरभवनच जाळलं.

मृदू बोलणाऱ्या या गावाची वात आखूड, असं इंडोनेशियात सगळीकडे म्हणतात. मला वाटतं, इतक्या वेळा 'इंग्गिह' म्हटल्यावर न पटलेलं कुठेतरी साचतच असणार.

१९९९ च्या डिसेंबरात मी परत निघालो. बालापान स्टेशनात आर्गो लावू उभी होती आणि एका टपरीवर दीदी केम्पोत या गायकाचं त्याच स्टेशनावरचं, ताटातुटीचं गाणं लागलं होतं. ते त्याच वर्षी आलेलं. मास पोचवायला आला होता. 'पुन्हा ये' असं काही म्हणाला नाही. करकची एक पिशवी दिली.

पंचवीस वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, निवृत्त होऊन, मुलीला बरोबर घेऊन मी पुन्हा त्याच स्टेशनात उतरलो. आता योग्याहून विजेची लोकल येते, मुंबईसारखी, २०२१ पासून. तिकीट आठ हजार रुपिया. आकडा ऐकून मुलगी दचकली. आपले पन्नाससुद्धा होत नाहीत. डब्यात गारवा, पाट्या, कोणी दारात लटकलेलं नाही. दीदी केम्पोत २०२० मध्ये गेला. जाण्याच्या वर्षभर आधी कॉलेजातल्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं, 'तुटलेल्या काळजांचा गॉडफादर' म्हणून. बालापानच्या बाहेर एका रिक्षावाल्याच्या फोनवर तोच आवाज होता. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, धूर आहे. लोकल विजेवर चालते हे मी विसरलो होतो.

बदल मोजायचे तर भरपूर आहेत आणि त्यांतले बरेच एकाच माणसाच्या कारकिर्दीतले. मी होतो तेव्हा जोकोवी नावाचा एक फर्निचरवाला या गावात होता, मला त्याचं नावही माहीत नव्हतं. २००५ मध्ये तो महापौर झाला. बांजारसारीच्या मैदानावरचे शेकडो फेरीवाले त्याने हलवले, पण पोलीस न घालता; त्यांना पुन्हापुन्हा जेवायला बोलावून, आणि शेवटी नव्या बाजारापर्यंत चक्क मिरवणूक काढून. हे सोलोलाच जमेल. पुढे तो दहा वर्षं देशाचा अध्यक्ष होता. गिलिंगानला आता अबू धाबीच्या मशिदीसारखी पांढरीशुभ्र मोठी मशीद उभी आहे, २०२२ ची. लोकानांता या १९५६ च्या सरकारी रेकॉर्ड कंपनीत माझ्या काळी धूळ खात पडलेल्या कॅसेटी होत्या. २०२३ मध्ये तिला नवं रूप देऊन पुन्हा उघडलं, आता तिथे कॉफी प्यायला रांग असते. क्रातोनचे जुने राजे, १९४५ पासून गादीवर असलेले बारावे पाकुबुवोनो, २००४ मध्ये वारले आणि दोन मुलांनी गादीवर हक्क सांगितला. भाऊबंदकी आम्हाला नवी नाही, म्हणून तिथे मी फार थांबलो नाही.

गिरणी नाही. आमची तर कधीच गेली, तिथे गोदाम आहे. सुकोहार्जोची अवाढव्य कापडगिरणीही आम्ही जायच्या महिनाभर आधीच, १ मार्चला बंद झाली होती, दहा हजारांहून जास्त लोकांचं काम गेलं. मासच्या जुन्या पत्त्यावर गेलो तर तो दारातच बसला होता. केस पांढरे, बाकी तोच. मी सोलापूरच्या गिरण्यांचं सांगितलं, त्याने इथल्या गिरणीचं सांगितलं. मग दोघंही गप्प. मुलगी म्हणाली, "काहीतरी बोला ना." आम्ही बोलतच होतो, सोलोच्या पद्धतीने.

दुसऱ्या दिवशी पासार गेडे. १९३० मध्ये थॉमस कार्स्टेन या वास्तुकाराने बांधलेला हा बाजार उंच छपरांचा, वारा आरपार जाईल असा. मी परतल्यावर वर्षभरात, २००० मध्ये तोही जळला. बातमी मला मासच्या पत्रातून सोलापुरात कळली तेव्हा मी मनातून तो पुसून टाकला होता. आणि आता समोर तोच! तेच छप्पर, तोच मधला उतार, तसाच भाजीचा आणि ताज्या नारळाचा वास. जसा होता तसा पुन्हा बांधलेला. मला जरा रागच आला. सोलापुरात एक गिरणी गेली की तिच्या जागी काय आलं हे दिसतं तरी. इथे मी शोधायला आलो होतो आणि काही हरवलेलंच नव्हतं. आत दावेत तेलासीच्या गाड्यावर बसलो. इवल्याशा वाडग्यात तांदळाची पांढरी खीर, काळा चिकट भात, हिरव्या शेवया, नारळाचं दूध, गुळचट पाक, बर्फ आणि वर फुगलेला सब्जा. तेलासी म्हणजे सब्जाच. मुलीने दोन वाडगे संपवले आणि म्हणाली, "हा फालुदाच की, पण शहाणा." तिचंही बरोबर. फालुदा सगळं एकदम ओरडून सांगतो.

श्रीवेदारीच्या नाटकगृहात १९१० पासून वायांग ओरांग चालतं, माणसांनी उभं केलेलं महाभारत. श्रीवेदारी हे नावच पुराणातलं, मायेस्पतीच्या सहस्रार्जुनाची बाग. मायेस्पती म्हणजे आपली माहिष्मती. माझ्या काळी तिथे प्रेक्षकांपेक्षा डास जास्त असायचे. मी पहिल्या रांगेत आणि मागे तीन म्हातारे, त्यांतला एक झोपलेला. अर्जुनाचं काम बरेचदा बाई करते, कारण अर्जुन नाजूक, सोलोच्या भाषेत 'आलुस'. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला हा उलटा न्याय फार आवडायचा. शेजारची पाळणे आणि झोके असलेली जत्रा आता नाही. पण ज्या रात्री आम्ही गेलो त्या रात्री थिएटर जवळजवळ भरलेलं होतं, तेही विशीतल्या पोरांनी. घटोत्कच उडाला तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या. शिट्ट्या, सोलोत! मी मागे वळून पाहिलं तर मासच्या चेहऱ्यावर नापसंती नव्हती. तो अर्जुनाकडे बघत होता.

क्लेवेर बाजारात मात्र वेळ लागला. बाटिकचा हा बाजार डिसेंबर २०१४ मध्ये जळला आणि २०१७ मध्ये नवा उघडला. मुलीला सोगान हवं होतं, सोलोचा तो मातकट तपकिरी रंग. लावेयानच्या जुन्या गल्लीत एका बाईला चांतिंगने मेणाची रेघ ओढताना तिने तासभर पाहिलं होतं, पण तिथली किंमत ऐकून ती क्लेवेरला आली होती. एका दुकानात बाईने पारांग नक्षीचं कापड पसरलं. "कातुन," ती म्हणाली, "सुती." हाताला ते सुती लागेना. रात्री हिकवर, म्हणजे चहाच्या गाड्यावर, जुनी आठवण म्हणून एक लवंगी सिगारेट ओढली होती. लायटर खिशात राहिला होता. मी कापडाच्या कडेचा एक धागा ओढला, बोटांत धरला आणि सवयीने लायटर काढला.

बाईने माझं मनगट धरलं. ओरडली नाही. 'नुवुन सेवू' म्हणाली, आणि मनगट सोडलं नाही. शेजारच्या चार दुकानांतली माणसं उठून उभी राहिली होती. त्यांच्याही तोंडून आवाज नाही. मी लायटर तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो उचलून गल्ल्यात टाकला, कुलूप लावलं आणि मग शांतपणे म्हणाली, "चाम्पुरान, पाक. मिश्र आहे." किंमत निम्मी केली. मुलीने दोन घेतली. लायटर मी मागितला नाही.

शेवटच्या रात्री केप्राबोन. चटई आहे, दिवा एलईडीचा. टोपल्यांच्या मध्ये बसलेली बाई चाळिशीची, जुनीची मुलगी असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. तिने पान पुसलं, चुणी घातली, हीर खुपसला. आरेहचा चमचा द्रोणाच्या वर थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मुलीकडे पाहिलं, तिचीही मान हलली. पैसे द्यायच्या वेळी तिने चौकोनी कोडचा पुठ्ठा पुढे केला. सगळं गाव त्यावरच पैसे देतं. आमच्या फोनला ते जमेना. मी लाखाची नोट काढली, तिच्याकडे सुटे नव्हते. तिने टोपलीमागून करकच्या तीन पिशव्या काढल्या, वरच्या पैशांच्या बदल्यात माझ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "मोंग्गो," म्हणजे घ्या.

त्या सोलापूरपर्यंत आल्या, पण विमानात वरच्या कप्प्यात कोणीतरी बॅग कोंबली असणार. उघडल्या तर चुरा. हिने तो परातीत ओतला, वरून शेंगाची चटणी आणि कच्चं तेल घातलं, आणि शेजारीपाजारी हाका मारून बोलावले.